सांगाडा तिचा, चाकं त्याची

मे महिना लागला की देवळाली कॅम्पात साहेबलोकांच्या बदल्या निघतात आणि भिमाजीच्या जुन्या सामानाच्या दुकानाला भरती येते. माणसं जातात, वेताच्या खुर्च्या मागे राहतात. दोन हजार चारच्या मे महिन्यात त्या खुर्च्यांआड ललिताला एक सायकल दिसली. सायकल कसली, नुसता सांगाडा! कुण्या मेजरसाहेबांनी ऐन तरुणपणी परदेशातून आणलेली, डोंगरात चालवायची. हिरवा रंग गंजानं खाल्लेला, पण नळ्या हलक्या आणि सांधे असे सुबक की हात फिरवावासा वाटावा.

ललिता शाळेत चित्रकला शिकवायची. पण वडील नोटांच्या प्रेसमधून घरी आले की सायकली खोलून बसायचे, आणि तो नाद लेकीनं वारशात उचलला होता. तिनं सांगाडा खांद्यावर घेतला. तेवढ्यात दारात स्कूटर थांबली.

"अहो... अहो, तो माझा आहे!"

उंच, घामाघूम, बाहीवर काळा डाग असलेला एक तरुण.

"नाव कुठं दिसत नाही तुमचं," ललिता म्हणाली.

"ह्याची चाकं मी सकाळीच नेली. स्कूटरवर तेवढीच मावली. म्हटलं, सांगाडा दुसऱ्या फेरीत —"

"म्हणजे वरातीत घोडा पुढं नेलात आणि नवरदेव इथंच विसरलात?"

भिमाजी खुर्चीतून हललाही नाही. "माझ्याकडं बघू नका. त्यांनी चाकं घेतली, बाईंनी सांगाडा. माझा माल संपला."

माणसं जोखायची ललिताला जुनी खोड. जमेला पडलं ते हे : नजर सरळ, आवाज नरम, हात कामाचे. आणि वजा? सांगाडा सोडून चाकं नेणारा माणूस! एवढी एकच वजाबाकी पुष्कळ होती.

"चाकं मला देऊन टाका," ती म्हणाली. "भिंतीला टांगून काय करणार?"

"आणि सांगाड्यावर तुम्ही काय, पडवळ चढवणार? हल्लीची चाकं त्यात बसायची नाहीत. मागची रुंदी जुनी आहे."

"माहितेय मला."

"मलाही माहितेय."

मग दोघांनाही एकदमच हसू आलं... आणि तिथंच तडजोड झाली. सायकल मिळून उभी करायची, आळीपाळीनं चालवायची.

त्याचं नाव धनराज. मूळ घोटीचा, सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला. दर रविवारी तो चाकं घेऊन नाशिक रोडला ललिताच्या अंगणात हजर. छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, आऊट काढून चाक सरळ करायचं, गंज घासायचा. रंग मात्र नवा द्यायचा नाही, यावर दोघांचं पहिल्या दिवसापासून एकमत. ललिताच्या आईचं, वत्सलाबाईंचं, वेगळंच मत होतं.

"एवढे रविवार घासताय, आणि दिसते तशीच जुनी. मुलगा कामाचा आहे ना गं?"

"कामाचा आहे, आई."

"चहा तर घरच्यासारखा मागतो."

एका रविवारी ललिता डावं पेडल काढायला बसली. धनराजनं सांगाडा धरला होता. त्याचा चेहरा वीतभर अंतरावर, पापण्यांवर गंजाची बारीक धूळ. ललितानं पान्ह्यावर सगळा जोर लावला. पेडल ढिम्म. पुन्हा जोर. पुन्हा ढिम्म.

"सांगू का?" धनराजनं विचारलं.

"नको."

"बरं."

आणखी एक जोर. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"सांग आता! हसतोस काय?"

"डावं पेडल उलट्या आट्याचं असतं. मघापासून तू ते घट्टच करतेयस."

परकर घालत होती तेव्हापासून ललिताला हे ठाऊक होतं! डोळे मिटून तिनं शेकडो पेडलं काढली असतील. त्या दिवशी डोळे उघडे होते, हीच अडचण. अहो-जाहो त्या पेडलापाशी कुठं गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

श्रावणात सायकल रस्त्यावर आली. अंजनेरीच्या वाटेला एक जण हिरव्या सायकलीवर, दुसरा ललिताच्या वडिलांच्या जुन्या काळ्या सायकलीवर, परतताना अदलाबदल. चढ आला की काळ्या सायकलीवरचा उतरून ढकलणार, आणि हिरव्या सायकलीवरचा पुढं जाऊन थांबणार. थांबायची खरं तर काही गरज नसायची. ऊन-पावसाचा खेळ चाले, शेतातल्या भाताचा वास ओल्या वाऱ्यावर येई, आणि थांबणारा उगाच ब्रेक तपासत बसे.

"ब्रेक बिघडलाय?" ललिता धापा टाकत विचारी.

"नाही. बघत होतो... लागतो का."

कार्तिक सरता सरता एका रविवारी धनराज आला. अंगणात उभा राहून म्हणाला, "पुण्याच्या कारखान्यात बदली झालीय. सोमवारी हजर व्हायचंय."

ललितानं हातातलं फडकं घडी करून ठेवलं. मनात आलं, आता बोलेल. तो सायकलीकडं बघत राहिला. हा गेला की रविवार निव्वळ कपडे धुवायचे उरतील, हे तिला लख्ख दिसत होतं. पण आपण होऊन बोलायचं? तो नुसताच सायकलीसाठी येत असला तर?

"मग वाटणी करू," ती ताठपणे म्हणाली. "चाकं घेऊन जा तुझी."

"चाकं नेऊन काय करू?"

"मग सगळी ने."

"सगळी कशी नेऊ?... तुला काय हवंय ते सांग ना."

"तू सांग."

"मला बोलता येत नाही, ललिता." तो ओशाळून हसला. "आमचे आजोबा घोटीच्या बाजारात बैलांचे दलाल होते. सौदा तोंडानं कधीच करायचे नाहीत. हातावर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरून भाव सांगायचा. चारचौघांत बोभाटा नको. पटलं नाही तर हात सोडायचा. कुणाचा अपमान नाही, काही नाही."

ललितानं घडी केलेलं फडकं उलगडून त्याच्यापुढं धरलं. ग्रीसनं माखलेलं, रॉकेलचा वास मारणारं.

"टाक," ती म्हणाली.

धनराजनं ते दोघांच्या हातांवर टाकलं. आत त्याची बोटं थंड होती. ललितानं आधी एक बोट धरलं. मग दुसरं... मग सगळा पंजाच मुठीत घेतला, आणि तशीच राहिली.

"हा भाव कशाचा?" त्यानं हळूच विचारलं. "सांगाड्याचा?"

"नाही."

"चाकांचा?"

"धनराज, सायकलीचं नाव काढशील तर हात सोडीन."

फडक्याखाली त्याची बोटं वळली आणि तिच्या हातावर घट्ट मिटली. तेवढ्यात वत्सलाबाई चहाचे कप घेऊन दारात आल्या, क्षणभर बघत राहिल्या, आणि चहा गरम करायच्या निमित्तानं आल्या पावली आत वळल्या.

"सौदा ठरला की पुढं काय करतात?" ललितानं विचारलं.

"रुमाल काढतात."

"राहू दे," ती म्हणाली. "एवढ्यात नको."