काठोकाठ पीप

स्कॉटलंडमधलं लीथ बंदर, ९ जानेवारी १८२६, सकाळचे आठ. कथबर्टशेठच्या तळघरात ब्रँडीचं एक पीप मापात कमी निघालं.

पिपावर कोरलेला आकडा त्रेसष्ट गॅलनचा. अबकारी अधिकारी डलग्लीशने बूच काढलं, तर ब्रँडी बोटाला लागली. काठोकाठ. त्याने मोजणीचा नवा सरकारी गज आत सोडला. साडेबावन्न.

"भरलेलं आणि तरी कमी?" कथबर्ट म्हणाला. "मग पीपच बदललंय, साहेब. धाकटं पीप बांधून वर जुना आकडा कोरायला कारागीरच लागतो."

पिपं बांधणारा पर्डी समोरच उभा होता. तळघराची किल्ली त्याच्याकडेच असे.

"हे तुझ्या हातचं?"

"नाही साहेब. फ्रान्सहून आलं तेच. शरदात तुम्हीच मोजलंत की."

"तेव्हा त्रेसष्ट होतं."

"मग आजही आहे."

"म्हणजे माझा गज खोटा?"

पर्डीने पिपावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. वर दुकानात गिऱ्हाइकं कुरकुरत होती. नव्या वर्षात शेठने गॅलनचा भाव पंचमांशाने वाढवला होता.

डलग्लीशने भर धक्क्यावर पर्डीला चोर म्हटलं. खटला उभा राहिला नाही, पण कारागिरांच्या संघाने त्याला काढून टाकलं. मार्चमध्ये तो देवमाशांच्या शिकारीला जाणाऱ्या जहाजावर चढला.

एप्रिलमध्ये त्याच फ्रेंच मालातलं एक पीप दुसऱ्या व्यापाऱ्याकडे उघडलं. काठोकाठ. साडेबावन्न.

डलग्लीशचे कान तापले. तो तडक कथबर्टकडे गेला.

"चोरी झालीच नाही. एक जानेवारीपासून कायद्याने गॅलन मोठा झाला. मोठ्या मापाने तीच दारू कमीच भरणार. पिपावरचा आकडा जुन्या गॅलनचा, माझा गज नव्या. मी गाढव, ताडून पाहिलं नाही."

"मग माझ्या दारात का?"

"तुम्ही ताडलं होतंत. गॅलन पंचमांशाने मोठा झाला, तुम्ही भाव तेवढाच वाढवलात. माहीत असून मला बोलावलंत. पर्डी आड येत होता?"

"ब्रँडीत पाणी घालू देईना. वर गावभर सांगेन म्हणायचा." कथबर्टने खांदे उडवले. "मी नुसती शंका काढली, साहेब. चोर तुम्ही म्हणालात."

मग डलग्लीश पर्डीच्या घरी गेला, तर पर्डीची बायको एल्स्पेथ दारातच उभी राहिली. त्याला आत बोलावलं नाही.

"माझ्या कानात काय सांगता? धक्क्यावर ओरडलात ना? तिथंच ओरडा."

दुसऱ्या दिवशी, बाजार भरलेला असताना, डलग्लीश धक्क्यावर उभा राहून ओरडला. मानाने कुणी टोपी काढली नाही. एक कोळीण थुंकली.

पर्डीचं जहाज शेवटचं ऑर्कनी बेटांपाशी दिसलं. तिथं गोडं पाणी भरून ते उत्तरेच्या बर्फाकडे गेलं. इतर जहाजं सप्टेंबरात परतली. ऑक्टोबर सरला, त्याची खबर नाही.