लांबकुरणाचा साक्षीदार

मोरव्हालच्या मठातल्या उंदरांना दोन गोष्टी आवडत, चीज आणि दानपत्रं. चीजवर कोठारी गार्निएची नजर असे. दानपत्रांची पेटी वेदीमागच्या ओलसर कोनाड्यात, म्हणजे देवाच्या भरवशावर. देवाने ती उंदरांना दिली.

म्हणून मठाधिपती फादर पोंस यांनी सगळी सुटी दानपत्रं एका जाड नोंदवहीत उतरवून काढायचं काम गार्निएकडे सोपवलं. कुठलं शेत कुणी दिलं, कुठली गिरणी, कुठलं चर्च, हद्द कुठून कुठवर, साक्षीला कोण. गार्निएचं अक्षर देखणं. उजव्या हाताची अनामिका तरुणपणी द्राक्षांच्या घाण्यात चिरडून गेली होती, पण लेखणी धरायला अनामिका लागते कुठे? तो रोज सकाळच्या प्रार्थनेनंतर खिडकीपाशी बसे आणि कुणाच्या आजोबांनी पापाच्या भीतीने काय काय देऊन टाकलं ते मजेत उतरवून घेई.

वसंतात तो लांबकुरणाच्या दानपत्रापाशी आला.

लांबकुरण म्हणजे नदीकाठचा गवताचा पट्टा. मठाच्या सगळ्या गाई त्याच्यावर जगत. उमराव एर्वेच्या आजोबांनी ते मठाला दिलं, रीतीप्रमाणे कुरणातलं गवतासकट एक ढेकूळ वेदीवर ठेवून. इथवर दानपत्र शाबूत होतं. पुढे साक्षीदारांची नावं असायला हवी होती, तिथे उंदराच्या दातांची नक्षी होती. आणि नेमका आताच एर्वे म्हणू लागला होता, की आजोबांनी कुरण नुसतं चरायला दिलं होतं, कायमचं नव्हे. बिशपच्या न्यायासनापुढे दावा लागला होता.

कुरणातल्या झोपडीत राहणारी, मठाचं दूधदुभतं बघणारी आरांबूर कोठारात येऊन टोमणा मारून गेली. "कोठारीबाबा, कुरणातल्याच वासराचं कातडं कमावून त्याच्यावर माझं कुरण लिहिलंत, आणि तेसुद्धा उंदरापासून राखता आलं नाही तुम्हाला! गाई गेल्या तर मी पोरं घेऊन कुठं जाऊ? तुमच्या पेटीत?"

"बघतो मी," गार्निए म्हणाला.

त्याने बघितलं. उंदराने खाल्लेलं भरून काढणं म्हणजे खोटेपणा नव्हे, डागडुजी, असं त्याचं मत होतं. छप्पर गळलं की आपण नवं गवत घालतोच ना? त्याने त्या काळच्या चार प्रतिष्ठितांची नावं घातली. चौघेही कधीच वारलेले. मेलेल्या साक्षीदारासारखा सोयीचा साक्षीदार नाही.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मजकूर वाचताना त्याला कोरडा वाटला. त्या भागात जमिनीचा व्यवहार झाला, की जवळच्या एखाद्या पोराला बोलावून त्याच्या थोबाडीत देत. पोर सगळ्यांत जास्त जगणार, आणि खाल्लेली थप्पड कुणी विसरत नाही. मग पोराच्या हातावर चार अक्रोड ठेवत. गार्निएने लिहिलं, 'आणि मधमाश्या पाळणाऱ्या रेनोचा मुलगा मिलो, यास स्मरण राहावे म्हणून गालावर थप्पड मारण्यात आली, आणि तो रडला नाही.'

'रडला नाही' हे त्याला फार आवडलं. तेवढ्यात एक पिवळं कुत्रं चर्चमध्ये शिरलं, असंही घालावं असं मनात आलं होतं. पण ओळ संपत आली होती. कुत्रं राहिलं, आणि अक्रोडही.

लेखणी खाली ठेवताना त्याचा तळवा झोंबला. शाई झोंबते कधीकधी.

पहिल्या सुनावणीला एर्वेच्या वकिलाने नोंदवही वाचली आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"पोर! वा! म्हणजे आज साठीच्या आसपास. जिवंत असेल की. आणा त्याला."

"आणि नाही आणला," एर्वे पाय पसरत म्हणाला, "तर खोटं लिहिणाऱ्याचा हात तोडतात म्हणे. कोठाऱ्याच्या बाबतीत देवाने आधीच सुरुवात केलेली दिसते."

लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत. गवत कापून होईपर्यंत साक्षीदार आणा, नाहीतर कुरण उमरावाचं, असं त्यांनी सांगितलं.

परतताना खेचरावर बसलेल्या फादर पोंसनी विचारलं, "गार्निए, हा मिलो आहे ना?"

"लिहिलंय तसं, फादर."

"मी काय लिहिलंय ते विचारलं नाही."

गार्निएने हात अंगरख्याला पुसला. तळवा झोंबत होता. लेखणी धरून बरेच दिवस झाले होते.

त्याने आसपासच्या गावांत चौकशी केली. मधमाश्या पाळणारा रेनो कुणी ऐकला नव्हता. ऐकणार कसा? मग त्याने एखादा म्हातारा पढवून उभा करायचा विचार केला, पण पढवलेला म्हातारा उलटतपासणीत किती टिकतो, हे त्याला मठाच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्हीकडून माहीत होतं.

गवत कापायला सुरुवात झाली त्या दिवशी आरांबूर धापा टाकत आली.

"तुमचा माणूस आलाय. हद्दीच्या दगडावर बसलाय केव्हाचा."

"कोण माणूस?"

"मिलो म्हणतो. कुणाचा रे तू, म्हटलं, तर रेनोचा म्हणाला. या वयाचा माणूस बापाचं नाव सांगतो का? आणि कोठारीबाबा, त्याला कुणी मारलंय. आत्ताच."

म्हातारा दगडावर गुडघे जुळवून बसला होता. केस पांढरे, हात थकलेले, अंगरखा कुठल्याच गावचा नसावा तसा साधा. डावा गाल मात्र लालभडक. कापलेल्या गवताच्या वासात मेणाचा आणि मधाचा मंद वास मिसळला होता.

"कुठून आलात, आजोबा?" गार्निएने विचारलं.

म्हाताऱ्याने वेदीच्या दिशेला, चर्चकडे बोट केलं.

"तिथून कुठे गेला होतात मग? इतकी वर्षं?"

त्याने विचार केला. प्रामाणिकपणे केला, हे दिसत होतं. "माहीत नाही, बाबा. थप्पड बसली. मग तुम्ही आलात."

बायको, मुलं, घर, काही नाही. कुठल्या वर्षी दुष्काळ पडला होता, तेही नाही. तो दिवस मात्र त्याला पाठ होता.

दुसरा कुणी असता तर पळाला असता. गार्निएने त्याला खेचरावर बसवून न्यायाधीशांपुढे नेलं. साक्षीदार हवा होता, साक्षीदार आला होता. बाकीचं पुढच्या पानावर ढकलायची त्याला सवय होती.

म्हातारा उभा राहून बोलला. ढेकूळ ओलं होतं, म्हणाला. वेदीच्या पांढऱ्या कापडावर त्याचं पाणी पसरलं. एक गांडूळ बाहेर आलं, तेव्हा थोरल्या उमरावांनी ते बोटाने आत ढकललं आणि म्हणाले, हेही तुमचंच. म्हणताना त्यांनी डोळा मिचकावला.

एर्वे हळूहळू सरळ बसला. त्याचे आजोबा तसेच डोळा मिचकावत. गार्निएने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"आणखी काय आठवतं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"एक कुत्रं आत आलं होतं. पिवळं." म्हातारा घुटमळला. "मग ते नव्हतंच."

गार्निएने बाकाची कड धरली.

"रडलास का रे?"

"नाही. रडायचं नव्हतं."

"थप्पड कुणी मारली?"

म्हाताऱ्याने समोरच्या माणसांवरून नजर फिरवली आणि गार्निएकडे बोट केलं. सगळीकडे हशा पिकला. गार्निए चाळिशीचा, म्हातारा साठीचा. "म्हातारपण," न्यायाधीश म्हणाले, "पण बाकीचं लख्ख आहे." कुरण मठाचं ठरलं. आरांबूर दाराशी उभी होती, ती मटकन खाली बसून रडली.

संध्याकाळच्या उन्हात गार्निए अक्रोडांची पिशवी घेऊन हद्दीच्या दगडापाशी गेला. म्हातारा तिथेच बसला होता. पिशवी पुढे केली, तर त्याने नुसतं पाहिलं. हे कशाला, ते त्याला कळलं नाही.

गालावरचा वळ अजून ताजा होता. जवळून दिसला. तर्जनी. मध्यमा. मग मोकळी जागा. मग करंगळी.

गार्निएने हात उचलला आणि हलकेच गालावर ठेवला.

बरोबर बसला.

गाल गरम होता. तळव्याचं झोंबणं थांबलं.

"बाबा," म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "आता रडू का?"

गार्निए हिशेबी माणूस. एर्वेला मुलगा होता. मुलगा दावा लावील, मग त्याचा मुलगा लावील. नोंदवहीत 'रडला नाही' असं होतं, आणि त्या पानावर कुरण होतं, गाई होत्या, झोपडीतली पोरं होती.

"इतक्यात नको," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने शहाण्या पोरासारखी मान हलवली.

त्यानंतर आरांबूर दरवर्षी गवताच्या दिवसांत ताकात भिजवलेलं फडकं त्याच्या गालावर ठेवू लागली. फडकं लगेच सुके. तो खात नसे, कुठे जात नसे. कापणारे त्या दगडाभोवतीचं गवत सोडून देत. का, ते कुणी कुणाला विचारलं नाही.

बऱ्याच वर्षांनी एर्वेच्या मुलाने दावा लावला. निरोप आला तेव्हा गार्निएचेही केस पांढरे झाले होते. काठी टेकत तो कुरणात गेला. आता दोघं एका वयाचे दिसत होते. वळ तसाच लाल होता.

"चल, मिलो," तो म्हणाला. "पुन्हा सांगायचंय."

म्हातारा उठला. ओठ त्याने घट्ट मिटून घेतले होते, आणि हनुवटी थरथरत होती.