मिथिओनिनची न उघडलेली पाकिटं

सौसरच्या बाजारात भूपेंद्रची अंडी एवढी बारकी असायची, की एका ऑम्लेटला डझनभर लागत. बरं, अर्धा डझन म्हणा. माझं थोडं इकडंतिकडं होतं.

एका सकाळी एका मुलीनं त्याच्या ट्रेमधलं अंडं उचललं, उन्हात धरलं…

"कोंबडीचंच आहे न जी?"

"चिमणी पाळत नाही मी, म्याडम."

ती तृप्ती, लोधीखेड्याची. कोंबडीखाद्याच्या कारखान्यात रेशन, म्हणजे खाद्यातल्या घटकांचं प्रमाण, बसवून देणारी. तिनं तिथल्या तिथं सांगितलं – मका आणि सोयापेंडीत मिथिओनिन नावाचं अमिनो आम्ल कमी पडतं, ते नसलं की अंडं भरत नाही. त्याची पांढरी पूड रोज मापानं खाद्यात मिसळायची. उकडलेल्या कोबीसारखा वास येतो, तो चालवून घ्यायचा.

मग दर मंगळवारी ती फार्मवर येऊन अंड्यांचं वजन करू लागली. महिन्याभरात अंडी टपोरी झाली.

"आता मी यायची गरज नाही," ती म्हणाली.

भूपेंद्र बावीस हजार कोंबड्यांमध्ये एकटा उभा राहिला. दोन हजार असतील, पण एकटा मात्र खराच.

वीस दिवसांत अंडी पुन्हा बारकी. तृप्ती पुन्हा हजर. तिनं पुडीचं प्रमाण वाढवलं, अंड्यांचं वजन हलेना. पाणी तपासलं, उजेड तपासला, त्यानं केलेला चहा प्याली. भूपेंद्र खुशीत.

पाचव्या मंगळवारी तिनं चहा घेतला नाही.

"आज शेवटचं येऊन राहिली. कारखान्याचे साहेब म्हणते माह्या रेशनमध्येच खोट आहे. सोमवारपासून फार्म आमच्या कारखान्यातला प्रवीण पाहीन, मले गोदामात बसवून राहिले."

भूपेंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. तो आत गेला, पाच पाकिटं आणून तिच्यापुढं ठेवली. पाचही सीलबंद.

"मी टाकलंच नाही, म्याडम."

"काऊन?"

"अंडे सुधारले का तुमी येत नाही…"

तृप्तीनं एकेक पाकीट उलटून पाहिलं. मग साहेबांना फोन लावून त्याच्या हातात दिला.

"हे सारं त्यायले सांगा. शेवटचंही."

त्यानं सांगितलं. शेवटचं सांगताना कान लाल झाले. पलीकडून साहेब म्हणाले, "अबे, मग पोरीले विचार न, माह्या खाद्याची काऊन बदनामी करून राहिला?"

तृप्तीनं फोन परत घेतला. हसू दाबत होती, पण राग खरा होता.

"महिनाभर बराबर टाका. तवरोक मी येत नाही."

त्यानं टाकलं. रोज, वासासकट. अंडी पुन्हा टपोरी झाली. महिन्यानं तृप्ती आली, सोबत तिची आई केसरबाई. बाईंनी कोंबड्यांकडं ढुंकूनही पाहिलं नाही. भूपेंद्रलाच नखशिखांत न्याहाळलं.

"माही पोरगी चार दिवस दूर गेली, तं पुन्हा काही बिघडवशील काय रे?"

"घरातच असली," भूपेंद्र तृप्तीकडं बघत म्हणाला, "तं बिघडवायचं कामच काय, काकू?"

तृप्ती म्हणाली, "आई, चहा चांगला करते तो."