राक्षसाचा डावा कान

"निघाला का?"

"निघाला! आणि पुन्हा चिकटच!"

ढापण्यानं राक्षसाचा चेहरा साच्यातून ओढून काढला. अर्धा हाताला आला, अर्धा साच्यालाच लोंबत राहिला. मोठीनं कपाळावर हात मारून घेतला. भावावर ओरडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. सगळी सुट्टी या एका थोबाडापायी चालली होती!

उद्या संध्याकाळी मामाच्या बाहुल्यांचा खेळ होता, आणि त्यात राक्षसाला तोंड उघडून खदाखदा हसायचं होतं. प्लास्टरचं तोंड पहिल्याच हसण्यात तडकलं. रबराच्या चिकाचं केलं, ते वाळता वाळता आकसलं. "हा राक्षस कुठला, कारलं खाल्लेला म्हातारा!" ढापण्या म्हणाला होता. मग मामानं सिलिकॉन आणलं. दोन डब्यांतलं सारखं मिसळायचं, साच्यात ओतायचं. घट्ट झालं की कितीही वाकवा, तुटत नाही. पण ते घट्ट होईल तेव्हा ना!

"पुरे झालं, पोरांनो," मामा टेबलाला टेकत म्हणाला. "डब्यात एका चेहऱ्यापुरतं उरलंय, तेही असंच जाणार. खेळ रद्द करतो. आणि ही बाहुल्यांची खोलीही देऊन टाकतो कुणाला तरी. दमलो मी आता."

तो आत जाऊन आडवा झाला. मोठीला रडूच आलं. मामा आणि बाहुल्या नाहीत? तिला ते मुळी पटेचना.

"माझा कान मात्र छान झालाय," खारूताई म्हणाली. ही मामाची धाकटी लेक. राक्षसाचा डावा कान वेगळ्या साच्यात होता, आणि तो तिनं ओतला होता.

मोठीनं कान दाबला, पिळला, ओढला. कोरडा ठणठणीत!

"ढापण्या, डबा तोच, माप तेच, टेबल तेच. मग चेहऱ्याचंच काय बिनसलं?"

"खारूताई, तू वेगळं काय केलंस गं?" ढापण्यानं विचारलं.

"काही नाही! बाबांसारखाच साचा अंगठ्यानं पुसला. फक्त ते हातमोजे मला केवढे मोठे होतात! म्हणून हातात पावाची प्लास्टिकची पिशवी घातली."

मोठी आणि ढापण्यानं चमकून एकमेकांकडे बघितलं. ओतण्याआधी साचा अंगठ्यानं चोळून घ्यायची मामाची जुनी सवय होती. आणि त्याच्या हातात नेहमी ते स्वस्तातले रबरी हातमोजे!

मोठीचे डोळे मिटत होते, तरी तिनं दोन वाट्या मांडल्या. एक रबरी मोज्यानं चोळली, दुसरी पिशवीनं. दोन्हींत एकेक चमचा सिलिकॉन. मग तिघं तिथेच फरशीवर पसरली.

ऊन खिडकीतून सरकलं तेव्हा ढापण्यानं तिला हलवलं. "ऊठ! मोज्याची वाटी बघ, नुसता गोंद! आणि पिशवीची?"

पिशवीच्या वाटीतली चकती टुणकन उसळली.

मामा डोळे चोळत आला. त्यानं दोन्ही वाट्यांत बोट घातलं. "म्हणजे मोज्यांचं रबर साच्याला चोळून घाण मीच करत होतो? आणि दोष डब्याला देत होतो!"

"मामा, मोजे मी लपवलेत. मिळणार नाहीत," मोठी म्हणाली. "हे घे."

मामानं पावाच्या पिशव्या हातात चढवल्या. साचा साबणानं घासला, वाळवला, आणि उरलंसुरलं सगळं ओतलं. सकाळी मामानं चेहरा हळूहळू सोलायला घेतला. ओठ सुटला, नाक सुटलं, हनुवटी सुटली!

संध्याकाळी राक्षस असा काही हसला की पुढच्या रांगेतलं एक पोर आईच्या मांडीवर चढलं. टाळ्या थांबेनात. मामानं तिघांना पुढे ओढलं. "हा राक्षस या पोरांचा! मी नुसता हात घातलाय त्यात."

परतताना खारूताई त्याच्या खांद्यावर झोपली होती. मोठीनं हळूच विचारलं, "मामा, खोली देणार का रे कुणाला?"

"खोली?" मामा जांभई देत म्हणाला. "मग पुढच्या सुट्टीत राक्षसीण कुठे ओतायची?"