अर्धवेळ संख्याशास्त्रज्ञ

बोईसर स्टेशनसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात त्या दुपारी एकच मशीन चालू होतं, आणि मशीनपुढे एक उंच, सावळा माणूस कागदांचा हा एवढा गठ्ठा घेऊन उभा होता.

डॉक्टर सुलोचना तामोरे दारातच थबकली. पालघरचं मशीन सकाळीच बंद पडलं होतं, म्हणून ती एसटीने इथवर आली होती. पदराखाली धरून पावसातून वाचवलेला तिचा अर्ज दिल्लीच्या सरकारी परिषदेकडे जायचा होता. कोलंबी सोलणाऱ्या बायकांच्या हातांना ज्या चिरा पडतात, नखं सुटतात, त्यावर संशोधन करायला अनुदान मिळावं म्हणून. बारा प्रती हव्या होत्या, आणि टपाल आज निघालं नाही तर सगळं पुढच्या वर्षावर जाणार होतं.

"अहो... ऐकता का?"

बोलून गेल्यावर तिला कळलं, हे कसं ऐकू आलं असेल ते. तिने जीभ चावली. दुकानदार मिशीत हसला. तो उंच माणूस मात्र वळला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "ऐकतो की. सांगा."

"माझं... माझं घाईचं आहे. मला आधी देता का मशीन?"

"घ्या. माझे आलेख कारखान्याचे आहेत, त्यांना कुठे दिल्लीला जायचंय."

"दिल्लीचं तुम्हाला काय माहीत?"

"वरच्याच पानावर लिहिलंय."

मशीनचा हिरवा उजेड पुढेमागे सरकू लागला. एकेक प्रत बाहेर पडत होती, आणि तो त्या सरळ करून ठेवत होता. करता करता त्याचा हात थांबला.

"दीडशेच का?"

"काय?"

"दीडशे बायका तपासणार, असं लिहिलंय तुम्ही. दीडशेच का? एकशेचाळीस का नाही? तीनशे का नाही?"

"दुसऱ्यांचे कागद वाचता तुम्ही?"

"समोर आकडा आला की राहवत नाही," तो ओशाळून म्हणाला. "रागावू नका. पण ते विचारतील बघा."

सुलूने पैसे दिले, प्रती पिशवीत घातल्या आणि आभारसुद्धा न मानता ती पोस्टाकडे धावली. एसटीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं — त्याच्या गठ्ठ्यावर छापलेलं कारखान्याचं नाव तिला पाठ झालं होतं. का झालं होतं, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला दिल्लीचं पत्र आलं. पालघरच्या ज्या छोट्या धर्मादाय रुग्णालयात ती त्वचारोगांची डॉक्टर होती, त्याचे सेक्रेटरी तात्या पत्र हातात नाचवतच आत आले.

"डॉक्टर, नामंजूर नाही हां! शंका काढल्यात नुसत्या."

शंका दोन होत्या. एक — तपासायच्या बायकांची संख्या कशावरून ठरवली? दोन — तुलनेसाठी दुसरा गट का नाही?

सुलू हसली. मग तिला रडू आल्यासारखं झालं. मग ती उठली आणि तिने बोईसरची गाडी पकडली.

कारखान्याच्या गेटवर वॉचमनने विचारलं, "कौन? चार्टवाले साहब? नागोराव साहब?"

नाव तिला आत्ता कळत होतं. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या शर्टावर रंगाचे गुलाबी ठिपके होते, कानाच्या पाळीवरही एक होता. तिला पाहून तो गडबडला आणि म्हणाला, "आली का शंका?"

"आली. तुमचीच आहे ती. आता उत्तरही तुम्हीच द्या."

"हौ," तो म्हणाला, आणि त्या 'हौ'ने सुलूला इतकं हसू फुटलं की वॉचमनही बघत राहिला.

नागोराव इंगोले हिंगोलीकडचा. संख्याशास्त्र शिकून तारापूरच्या कारखान्यात कापडाच्या रंगाची प्रत तपासण्याच्या विभागात लागला होता. चहाच्या टपरीवर त्याने समोशाच्या कागदामागे तिला समजावलं.

"समजा, चिरलेल्या हातांच्या बायका तुम्हाला सापडल्या. पण भात लावणारीचे, भांडी घासणारीचेही हात चिरतातच की. मग त्यात कोलंबीचा दोष किती, आणि नुसत्या पाण्याचा किती? त्यासाठी दुसऱ्या बायका पाहिजेत. तेवढ्याच कष्टाच्या, पण कोलंबीला हात न लावणाऱ्या."

"माकुणसारच्या," सुलू पटकन म्हणाली. "शेतात, वाडीत राबणाऱ्या. आमच्या गावाहून, दातिवऱ्याहून, काही लांब नाही."

"बघा, सुटलं. आता किती बायका, ते मी काढतो. पण आधी मला कोलंबी सोलताना बघावी लागेल. न बघता आकडा मांडत नाही मी."

"रविवारी या," ती म्हणाली. आणि मग उगाचच, "...कामासाठी."

"कामासाठीच," तो म्हणाला. गुलाबी ठिपक्याचा कान आता सगळाच गुलाबी झाला होता.

दातिवऱ्याला सुलूची आई काशीबाई शेडमध्ये बर्फातल्या कोलंबीपुढे बसली होती. तिने पाहुण्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हा कोण गं?"

"आकडेवाले आहेत, आये."

"आकडेवाले? मटक्याचे?"

साऱ्या बायका खदखदून हसल्या. नागोराव त्यांच्यात मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मावशी, मलाही द्या एक." पहिल्याच कोलंबीचा काटा त्याच्या बोटात खोल घुसला.

"र्‍हाऊ द्या, तुमी लिवा नुसतं," काशीबाई म्हणाली. "आमी सोलतो. आमचे हात गेलेच हाय."

सुलूने त्याचं बोट धरून बर्फाने रक्त थांबवलं, औषध लावलं. त्याचा हात ऊन होता, तिचा बर्फाने गार पडलेला.

"दुखतंय?"

"नाही... म्हणजे, हो. अजून थोडं लावा."

तिने मान वर केली नाही. पण पट्टी मात्र जरा जास्तच सावकाश बांधली.

उत्तरं गेली. चैत्रात समितीपुढे बोलायला दिल्लीचं बोलावणं आलं. लांबलचक टेबलाच्या पलीकडे चष्मेवाली मंडळी बसली होती. आकड्यांचे प्रश्न सुटले. मग एकाने विचारलं, "एवढ्याशा रुग्णालयाला हे झेपेल का? हे काम मोठ्या शहरात का होऊ नये?"

सुलूने समोरचे कागद मिटले. आणि ती बोलू लागली. "कारण त्या बायका मोठ्या शहरात येणार नाहीत, साहेब. एक दिवस हात थांबला तर त्या दिवसाची मजुरी जाते. माझी आई कोलंबी सोलते. त्यावर मी डॉक्टर झाले. तिचा अंगठा आता सरळ होत नाही, आणि तो का होत नाही हे मला अजून नीट सांगता येत नाही."

अर्जात मागितलेली जीप समितीने कापली, कॅमेरा कापला, आणि बाकीचं मंजूर केलं. कर्मचाऱ्यांच्या यादीत ओळ होती — अर्धवेळ संख्याशास्त्रज्ञ, ना. इंगोले, रविवारी व सुटीच्या दिवशी, मानधनावर.

तात्यांनी बँकेत वेगळं खातं उघडलं. दिल्लीचे नियम कडक होते. औषधांचा पैसा औषधांवर, प्रवासाचा प्रवासावर. इकडचं तिकडे करायचं तर आधी परवानगी. वर्ष संपलं की पैसा कुठे गेला याचा दाखला आणि कामाचा अहवाल, दोन्ही पाठवायचं. ते पसंत पडलं तरच पुढचा हप्ता.

"डॉक्टर," नागोराव एका रविवारी सफाळ्याहून दातिवऱ्याला सुटलेल्या एसटीत म्हणाला, "माझं तिकीट 'प्रवास' या शीर्षाखाली बसतं. पण तुमच्या आईंच्या हातचं कालवण कशात बसवायचं?"

"किरकोळ खर्चात."

"काशीबाईंचं कालवण किरकोळ? सांगू त्यांना?"

"सांगून तर बघा. उपाशी परत जाल."

"आणि परतीच्या एसटीत तुम्ही शेजारी बसता, ते?"

"त्याचं..." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्याचं शीर्षच नाही. मंजूर झालेलं नाही ते अजून."

असं वर्ष गेलं. दातिवऱ्याच्या बायका, माकुणसारच्या बायका, त्यांचे तळहात, त्यांच्या गप्पा. मलम आणि आतून सुती, वरून रबरी असे हातमोजे निम्म्या बायकांना दिले. कोणाला ते द्यायचे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, त्यावरून दोन भांडणंही झाली. हात हळूहळू सुधारत होते. पावसात एकच छत्री दोघांवर कलती व्हायची आणि दोघांचेही बाहेरचे खांदे भिजायचे.

मार्च आला. अहवालाची तयारी चालू होती. एका दुपारी नागोराव रुग्णालयात आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "डॉक्टर, मला या कामातून मोकळं करा."

सुलूला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "म्हणजे?"

"मला सोडायचंय. वर्ष संपतंय, तेव्हा..."

"दुसरी नोकरी मिळाली?"

"नाही."

"हिंगोलीला परत चाललात?"

"नाही."

"मग?" तिचा आवाज चढला. "तुमचं नाव मंजुरीत आहे. माणूस बदलायचा तर दिल्लीला विचारावं लागतं. ते कळवेपर्यंत हप्ता थांबला, तर मोजे थांबतील, मलम थांबेल. बायकांना काय सांगू मी? हे सगळं माहीत असून तुम्ही..." हप्त्याचं दुःख हे एवढं नसतं, तेही तिला कळत होतं.

तो खाली बघत म्हणाला, "मंजुरीच्या अटी वाचल्यात ना तुम्ही?"

"पाठ आहेत."

"मग नेमणुकांबद्दल काय लिहिलंय?"

"काय लिहिलंय? प्रमुख संशोधकाने आपले नातेवाईक नेमायचे नाहीत. पण तुम्ही कुठे माझे नातेवाईक?"

नागोरावने मान वर केली.

"अजून नाही," तो म्हणाला.

पंखा फिरत राहिला. बाहेर तात्या कोणाला तरी मोठ्याने पत्ता सांगत होते. सुलू उठून खिडकीशी गेली, कारण चेहरा कुठे ठेवावा ते तिला कळेना.

"आणि मी... नाही म्हटलं तर?"

"तरी जाईनच. तुमच्यासमोर बसून नुसत्या सरासऱ्या काढणं आता जमत नाही मला."

"आणि हो म्हटलं तर?"

"तर मानधन न घेता काम पुरं करीन. फुकट."

ती वळून ठामपणे म्हणाली, "नाही. ते चालायचं नाही."

त्याचा चेहरा उतरला.

"फुकट केलं तरी आकडे तुमचेच ना? उद्या कोणी म्हणेल, नवऱ्याने बायकोच्या मनासारखे आकडे काढून दिले. आपण दिल्लीला सरळ सगळं कळवू. गणित मुंबईच्या कोणा तिऱ्हाइताकडून तपासून घेऊ, आणि..."

"काय म्हणालात?"

"तिऱ्हाइताकडून..."

"त्याच्या आधी."

"दिल्लीला..."

"त्याच्याही आधी, डॉक्टर."

सुलूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांच्या फटीतून तिला दिसलं — तो हसत होता आणि त्याचे डोळे भरले होते.

पत्र गेलं. होणारं नातं, सोडलेलं काम, नव्या माणसाची गरज, सगळं लिहून. उत्तराला वेळ लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. हप्ता अडला. तात्यांनी रुग्णालयाच्या देणगीदारांकडे शब्द टाकून मोजे चालू ठेवले. सुलूने तोवर घरी काही सांगितलं नाही. आधी बायकांचं काम मार्गी लागू दे, असं तिचं म्हणणं होतं. नागोरावने वाट पाहिली. रविवारी तो बोईसरलाच राहिला, आणि ते रविवार फार मोठे गेले.

मे महिन्यात दिल्लीने कळवलं — अहवाल पसंत आहे. नवा संख्याशास्त्रज्ञ नेमावा, आधीचे आकडे त्याच्याकडून तपासून घ्यावेत. पुढचा हप्ता मंजूर.

त्याच दिवशी दोघं दातिवऱ्याला गेले. काशीबाईने सगळं ऐकून घेतलं. हातातली कोलंबी सोलून टोपलीत टाकली. जात वेगळी, मुलूख वेगळा... सुलू आईकडे बघत राहिली.

"तुझी आयस काय म्हनते?" काशीबाईने नागोरावला विचारलं. आज पहिल्यांदा 'तुमी' गळालं होतं.

"आधी रडली. आता पुढच्या आठवड्यात येतेय. तिने समुद्र पाहिलेला नाही."

"मग येऊ दे. दाखवू तिला. आमच्याकडं तेवढाच तर हाय." ती उठली आणि जाता जाता म्हणाली, "माझी पोर हट्टी हाय, बाबा. मागून बोलायचं नाय."

संध्याकाळी ओहोटी लागली होती. ओल्या वाळूवरून दोघं चालत होते.

"डॉक्टर..."

"लग्न ठरलं तरी डॉक्टरच?"

"सवय झालीय." तो थांबला. दोनदा तोंड उघडून मिटलं. "सुलू... तुम्ही..."

"तुम्ही?"

"तू." त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. "आता तुझी पाळी."

"मी चारचौघांत नाही म्हणणार."

"इथे कुठे आहेत चारचौघं?"

सुलूने मागे वळून पाहिलं. बांबूंवर टांगलेल्या बोंबलांपलीकडे काशीबाई त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. मुद्दामच.

"तू," सुलू म्हणाली. इतकं हळू, की नागोरावला ते ऐकायला आणखी जवळ यावं लागलं.