काहीच न घडलेला रविवार

रेवती आणि हृषीकेश कामेरकर यांचा घटस्फोट झाला. बरं, झालाच नाही असं धरून चालू. हृषीकेशही तसंच धरतो.

अपघातानंतर हृषीकेशचं मन कोडवर चालत होतं. रोज रात्री त्या मनाची प्रत आवृत्तिकोशात, म्हणजे जुन्या प्रती जपणाऱ्या साठ्यात, जायची. तो कोश जुना झाला, म्हणून प्रयोगशाळेनं सगळा इतिहास नव्या कोशात हलवला. हृषीकेशनं डोळे उघडले, बायकोकडे पाहिलं आणि दमलेल्या आवाजात विचारलं, "आता कशावरून भांडायचंय?"

रेवतीनं अभियंता ओजस टिळेकरला बाहेर गाठलं. "हे काय केलंत?"

"मॅडम, स्वभाव आजच्या कोडमध्ये असतो, आठवणी त्याच्या इतिहासात. जुना कोश रोज अख्खा माणूस उचलून ठेवायचा. नवा फक्त फरक ठेवतो. ज्या दिवशी माणूस बदलला नाही, तो दिवस गाळला."

"मग उरलं काय?"

"तुमच्या सासूबाईंचं ऑपरेशन. फ्रिज घेतला तो दिवस. आणि भांडणं." ओजस जरा ओशाळला. "भांडणानं माणूस बदलतो, मॅडम. सुखात आहे तसाच राहतो."

"जुन्यातून परत आणा."

"तो पुसला. शेवटची आवृत्ती जुळली की जुनं पुसायचं, असा नियम आहे. तुमचे मिस्टर तंतोतंत जुळले."

घरी पहिला रविवार छान गेला. दोघं मटार सोलत बसली. "सोलतेस त्यापेक्षा खातेसच जास्त," तो म्हणाला, आणि स्वतःच्या वाटीतले दाणे तिच्या वाटीत ओतले. रेवतीला वाटलं, जमलं.

सोमवारी सकाळी त्यानं विचारलं, "आता कशावरून?"

मग तिनं त्याच्या आईचा उद्धार केला. तो मात्र त्याला नीट लक्षात राहिला.

अशा बायकोसोबत कोण राहील? त्यानं घटस्फोट मागितला. कोर्टात शांतपणे सही केली. मनात निर्णय आधीच झाला होता, त्यामुळे फरक शून्य. तो दिवसही गाळला गेला.

दुसऱ्या दिवशी रेवती बॅग भरत होती. हृषीकेश दोन कप चहा घेऊन आला, तिच्या कपात आलं जास्त. "आज कोर्टात जायचंय ना? पोळी-भाजी बरोबर घेऊ या. तिथलं तुला सोसत नाही."

बॅग तशीच टाकून रेवतीनं प्रयोगशाळेला अर्ज लिहिला:

'सदर रविवारी अर्जदाराच्या घरी काहीही घडले नाही. तरी तो रविवार अर्जदाराच्या पतीस परत करण्यात यावा, ही नम्र विनंती.'