भट्टीच्या खोलीतला 'हो'

हे माझ्या स्वतःवर गुदरलंय. पटलं तर घ्या, नाहीतर बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणा. लॅबमध्ये तेच म्हणतात.

रात्रबित्र नव्हती. भर दुपार. बाकीचे जेवायला गेलेले.

आमच्याकडे कोळशाचे नमुने जाळून तपासतात. भट्टी तेराशे डिग्रीवर. तिच्यातून काढलेलं भांडं क्षणभर लाल दिसतं, मग गार भांड्यासारखंच पांढरं. म्हणून नियम. चिमट्यात भांडं धरलं की ओरडायचं, "गरम!" मागे असेल त्याने बाजूला होऊन "हो" म्हणायचं. तोवर वळायचं नाही.

हे आणि मी, दोघं त्याच भट्टीवर. घरी चहाचं पातेलं उतरवतानाही मी ओरडायचे आणि हे आतून "हो" म्हणायचे. शेजारीण म्हणायची, "यांच्याकडे चहालाही भोंगा वाजतो!"

मग हे गेले. झोपेतच. एक शब्द न बोलता.

रजा संपवून मी कामावर आले. त्या दुपारी खोलीत एकटीच होते. भांडं काढलं. सवयीने तोंडातून निघालं, "गरम!"

आणि मागून...

"हो."

यांचाच आवाज. जरासा घोगरा. अगदी पाठीशी.

मानेला श्वास लागला... गार. भट्टीसमोर उभी असताना गार!

दार उघडल्याचा आवाज आलाच नव्हता.

खोटं कशाला बोलू, घाबरले. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. मी वळले तर भांडं यांना लागेल. भाजेल यांना.

गेलेल्या माणसाला काय भाजणार? पण तेव्हा नाही हो सुचलं.

मी म्हटलं, "अहो, सरका ना जरा. गरम आहे हातात."



मग पावलं वाजली... हळूहळू... दाराकडे.

भांडं विटेवर ठेवून वळले. खोली रिकामी. दार बंद.

बाहेर बसलेली मदतनीस म्हणाली, "ताई, इथून कुणीच गेलं नाही."

आता रोज ओरडते. चिमटा धरून उभी राहते, हात भरून येईपर्यंत. मागून काहीच येत नाही.

नवरा ऐकत नाही म्हणून बायका कुरकुरतात. यांनी नेमकं तेव्हा ऐकलं.

तशीच वळले असते तर काय झालं असतं... तोंड तरी दिसलं असतं यांचं.